आक्रमण कोणाचे?

गोव्याच्या मुक्तीला साठांहून अधिक वर्षे झाली, तरी एक जुना आक्षेप अद्याप मावळत नाही. जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्या भारताने १९६१ साली एका दुर्बळ देशावर सैन्य घातले. ती मुक्ती नव्हे, आक्रमण होते, असा तो आक्षेप. समुद्रापासून दूर, सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसरच्या लोकांनी या वादात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु या वादात आमचाही वाटा आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले, तेव्हा सौंसर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्याच प्रांतातील सागरच्या सहोदराबाई राय हाती तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि त्यांनी अंगावर गोळी झेलली. उज्जैनचे राजाभाऊ महाकाल परत आलेच नाहीत. पंजाबचे कर्नैलसिंगही आले नाहीत. यांपैकी कोणाचीही मातृभाषा कोकणी नव्हती. १९६१ ला आक्रमण म्हणावयाचे, तर या माणसांना घुसखोर म्हणावे लागेल. ते म्हणण्याचे धैर्य आक्षेपकांनी आधी दाखवावे.

त्या गोळीबारानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबविला आणि सहा वर्षे वाट पाहिली. पोर्तुगालने या अवधीत काय केले? १९५१ मध्येच त्याने 'वसाहत' हा शब्द खोडून 'सागरपार प्रांत' असा शब्द लिहून ठेवला होता. त्याच कागदाचा आधार घेऊन तो बसून राहिला. गुलामाला दत्तकपुत्र म्हटल्याने त्याच्या पायांतील बेडी गळून पडत नाही. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याची गणना अस्वशासित प्रदेशांत केली, तीही त्याने मानली नाही. वाटाघाटीचे दार कोणी लावून घेतले, हे यावरून उघड होते.

आता दुर्बळतेविषयी. पोर्तुगाल हा १९४९ पासून 'नाटो'चा संस्थापक सदस्य होता. त्याच्या हुकूमशहाने, सालाझारने, गोव्यातील आपल्या सैन्याला अखेरपर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी तो बाजूस सारला, १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली आणि असंख्य प्राण वाचविले. या शहाणपणाबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. गोव्याच्या माणसांची पर्वा लिस्बनला किती होती, हे यापरते कोणी सांगावे?

गोमंतकीयांना विचारले कोठे, असा शेवटचा प्रश्न उरतो. साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्यांनी तो कधी विचारला होता? उलट, असा प्रश्न काढणारे त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा पोर्तुगालच्या तुरुंगात पाठविले गेले. भारताने मात्र १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन होण्याविषयी गोव्याचा कौल घेतला आणि गोव्याने नकार दिला. आमच्यापैकी अनेक मराठी भाषकांना तो निर्णय रुचला नाही. तो मानणे हाच न्याय होता. आपल्या सोयीविरुद्ध जाऊ शकेल असे मतदान जेता घेत नसतो. पुढे सालाझारची राजवट कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने, पोर्तुगालनेच भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

सीमेचे दुःख आम्हांस ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर रेषेच्या त्या बाजूस गेले आणि मराठी बोलणारे आम्ही या बाजूस राहिलो. पण ती रेषा आपल्याच संसदेने आखली होती. तिच्याविरुद्ध आम्हांस बोलता येते, मत देता येते. गोव्याभोवतीच्या रेषेवर बोलणाऱ्यास गोळी होती. हा भेद ज्यास दिसत नाही, त्याने 'शांतता' हा शब्द उच्चारू नये.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्यातील शाळांनी १९ डिसेंबरला सैनिकांच्या आधी सहोदराबाईंचे नाव घ्यावे, एवढी आमची मागणी आहे.