सुई, भट्टी आणि शेजारधर्म

व्यापारासाठी परक्या गावी जाऊन राहणे जैन समाजाला नवे नाही. नातेपुते, अकलूज, दहिगाव आणि पलीकडे फलटण या पट्ट्यात जी हूमड कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांचे पूर्वजही असेच गुजरातेकडून आले. त्यांनी दुकाने थाटली, मंदिरे उभारली, मराठी आपलीशी केली. पुरुषांचा गावाशी संबंध तराजूने जोडला गेला. स्त्रियांचा कसा जोडला गेला, हे मात्र कोणत्याही चोपडीत मांडलेले नाही.

अडचण ताटाची होती. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी. दळलेल्या पिठालाही मर्यादा, पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. असे नियम पाळणारी सून शेजारणीच्या घरी जाई, बसे, बोले. पण तिथला घास घेऊ शकत नसे. खेड्यात तर पुढे केलेली भाकरी हीच ओळखीची पहिली खूण. ‘आमच्या घरचं चालत नाही व्हय?’ हा प्रश्न क्वचितच तोंडावर येतो, परंतु मनात घर करून राहतो. व्रताचे पालन करताना समोरच्याचे मन दुखावणार नाही, याची काळजी घेणेही अहिंसेतच येते. ही काळजी आपल्या सर्वच घरांत घेतली गेली, असे म्हणणे धाडसाचे होईल.

जिथे ताट अडले तिथे सुई चालली. शेजारणीला मूल झाले की अंगडे, टोपडे, कुंची आणि दुपटे शिवून द्यायचे. त्याला शिवाशिव नाही, मर्यादेचा काळ नाही, आणि दुकानातल्या ठाणांचे उरलेले तुकडे घरात असायचेच. उन्हाळ्याच्या दुपारी जुन्या लुगड्यांच्या वाकळा घातल्या जात. वाकळ एकटीने होत नाही. चार कोपऱ्यांना चौघी बसतात, धावदोरा घालत मध्याकडे सरकतात, आणि तोवर सासर-माहेरचे सगळे बोलून झालेले असते. मराठा, धनगर, माळी, जैन अशा चार घरांच्या बाया एका वाकळेभोवती बसल्या, तर कोणता टाका कोणाचा हे नंतर त्यांनाही सांगता येत नाही.

शिवणाला आपल्या समाजात आणखी एक मोल आहे. मुंबईत मगनबाईंनी आणि पुढे सोलापुरात पंडिता सुमतिबाई शहा यांनी श्राविकाश्रमाचे जे कार्य केले, त्यामागे विधवा आणि निराधार भगिनींना विद्या मिळावी, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहत जगू नये, हा ध्यास होता. हाताशी शिवणयंत्र असलेल्या स्त्रीकडे गाव स्वतःहून येते, हे अशा कितीतरी भगिनींनी अनुभवले.

याच समाजाची दुसरी शाखा समुद्रापलीकडे गेली. 1896 ते 1901 या काळात मोम्बासापासून आत रेल्वे टाकली गेली आणि तिच्या मागोमाग जामनगर परिसरातील हालारी ओसवाल केनियात पसरले. आडगावी एखादेच दुकान, तेही भारतीयाचे. दुकानाला तेथील स्वाहिली भाषेत ‘दुका’च म्हणतात, विम्यालाही ‘बिमा’. पुष्कळ दुकानांच्या ओसरीवर एक आफ्रिकन शिंपी यंत्र घेऊन बसलेला असे. आतून कापड घ्यायचे, बाहेर शिवून घ्यायचे. तेथील स्त्रिया ‘कांगा’ नावाचे छापील वस्त्र नेसतात. ते जोडीने विकले जाते. घरी नेऊन मधोमध कापावे लागते आणि कडांना दुमड घालावी लागते. जोडीतला एक तुकडा स्वतःला आणि दुसरा आईला किंवा मैत्रिणीला, अशी वाटणी पुष्कळदा होते. मैत्रिणीची सोय ठेवूनच विकले जाणारे कापड दुसरे कोणते असेल, हे आपल्या कापडवाल्या घरांनीच सांगावे.

परंतु ओसरीच्या आतले स्वयंपाकघर बहुधा बंदच राहिले. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी 90 दिवस दिले. तो निर्णय सर्वस्वी जुलमी होता, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही ‘हे लोक आमच्यात व्यापार करतात, आमच्यात मिसळत नाहीत’ ही तक्रार पूर्व आफ्रिकेत त्याआधीपासून ऐकू येत होती. गल्ल्यावर रोज भेटणाऱ्या माणसाचे घर आपण आतून पाहिले आहे का, हा प्रश्न तेवढ्यापुरता नैरोबी-कंपालाचा नाही. नातेपुत्याच्या पेठेचाही आहे.

भट्टीच्या पदार्थांत एकाने ही कोंडी फोडली: नानखटाईने. सुरतेत डचांच्या वखारीसाठी पाव भाजला जाई. पुढे ती भट्टी एका पारशी गृहस्थांकडे आली आणि ताडी-अंड्यामुळे हिंदू-जैन गिऱ्हाईक पावाला शिवेना, तेव्हा कोरडी, तुपाची नानखटाई पुढे आली, अशी कथा सांगतात. कथा कितीही खरी असो, पदार्थ मात्र खरोखरच आपल्यासाठी केल्यासारखा आहे. अंडे नाही, खमीर नाही, पाण्याचा थेंबही नाही. वाटीभर तूप आणि वाटीभर पिठीसाखर पांढरी शुभ्र होईपर्यंत हाताने फेसायची. हा फेस नीट झाला नाही तर पुढचे सारे व्यर्थ. मग दोन वाट्या पीठ, त्यात थोडे बेसन, वेलदोडा, चिमूटभर सोडा. मंद आच. दिवाळीपूर्वी गावोगावी बाया हे साहित्य घेऊन बेकरीत जातात आणि आपल्यासमोर घाणा भाजून घेतात. भट्टीवाला बहुधा दुसऱ्या धर्माचा. तरीही नियम पाळणाऱ्या घरातली बाई स्वतःचे घासलेले पत्रे नेते, तो ते वेगळे लावतो, आणि त्यात कोणालाच अपमान वाटत नाही. भट्टी नसेल तर कढईत वाळू तापवावी, किंवा झाकणावर निखारे ठेवून खाली-वर विस्तव द्यावा. आफ्रिकेतील खेड्यांतही कोळशाच्या शेगडीवर झाकणाचे पातेले ठेवून असेच भाजतात. तेव्हा परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात मोठी ओव्हन नसली तरी अडत नाही.

नातेपुत्यात असा नानखटाईचा डबा शेजारी जातो. डबा रिकामा परत करू नये, हा सर्व मराठी मुलखाचा रिवाज. अनेक वर्षांच्या शेजाराने तिकडच्या घरालाही इकडचे नियम पाठ झालेले असतात. त्यामुळे परत येणाऱ्या डब्यात शिजवलेले काही नसते. कधी शेर-अर्धा शेर हुलगे, कधी मटकी, कधी गुऱ्हाळावरून आणलेल्या गुळाचा खडा. आणि तोही दिवस मावळण्याच्या आत आणून दिलेला.