आपण सुरतेचेच

दिवाळीत माग थांबतात, कापडबाजार लाभपंचमीपर्यंत बंद राहतो आणि उधना स्टेशनावर खानदेशाकडे निघालेल्यांची रीघ लागते. पण सुरतेतल्या लिंबायत, डिंडोलीत जन्मलेल्या मुलांसाठी ‘गावी जाणं’ म्हणजे आजोबांच्या गावी जाणं. त्यांचं गाव सुरतच. या मुलांमुळेच आम्ही यंदाच्या अंकाचा विषय ठरवला: ‘मूळचे कुठले?’

मराठी माणसाचं सुरतेच्या इतिहासातलं ठळक पान 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांचं. महाराष्ट्रात तो पराक्रम, सुरतेच्या आठवणीत ती लूट. त्याच शहरात पुढे जळगाव, धुळे, नंदुरबारची कोरडवाहू शेती सोडून भुसावळ-सुरत गाडीनं माणसं आली ती मागावर राबायला. आज महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यम आहे, श्रावणात इथेही कानबाईचे रोट होतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2009 पासून नवसारीचे खासदार आहेत आणि लिंबायत, उधना त्याच मतदारसंघात येतात. ऑगस्ट 2006 च्या पुरात ज्यांची घरं तापीच्या पाण्यात बुडाली आणि जे चिखल उपसून पुन्हा त्याच गल्लीत राहिले, त्यांना परके कोण म्हणेल?

पण सुरतेत इथलं म्हणवून घेण्याचा हक्क आपला मानायचा, तर मुंबई-पुण्यात राबणाऱ्या परप्रांतीयालाही तो नाकारता येणार नाही. भूमिपुत्र असण्याचं माप राज्याची सीमा ओलांडली की बदलत असेल, तर तो न्याय नव्हे, सोय आहे.

शिवाय या भूमीवर आपल्या कितीतरी आधीपासून राहणारे लोक आहेत. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात तापीकाठच्या आदिवासींची गावं बुडाली. त्या पाण्यावर सुरत वाढली. आणि ज्यांचं मूळ सर्वांत जुनं, त्या आदिवासींतले कित्येकजण आजही हंगामी मजुरीसाठी घरदार सोडून वणवण करतात. त्यांच्याविषयी न बोलता आपण इथले म्हणवून घेणं अपुरं आहे.

जन्म कुठे झाला, ही आपल्या हातातली गोष्ट नाही. मात्र राहत्या गावाची भाषा शिकणं, त्याच्या नदीची, शाळेची काळजी वाहणं आणि आधीच्यांचं देणं मान्य करणं आपल्या हाती आहे. जो हे करतो, तो आमच्या लेखी तिथलाच.

 

– संपादक