बुलेटचा चिमटा कापू नका

जुनी बुलेट घ्यायची, मागचं चाक धरणारा हलता चिमटा (स्विंगआर्म) आणि दोन्ही शॉकअप काढायचे, चेसीचा मागचा भाग कापून तिथे ताठ नळ्यांची शेपटी वेल्ड करायची आणि चाक थेट तिला बांधायचं. याला हार्डटेल म्हणतात. ही हौस करणारी मुलं बहुधा गाडीवर जीव लावणारी असतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा देखणेपणाचा, आणि तो मला मान्य आहे. स्टिअरिंगपाशी निघालेली रेघ मागच्या ॲक्सलपर्यंत न तुटता उतरते तेव्हा गाडी खरोखर सुंदर दिसते. १९६९च्या ‘ईझी रायडर’मधली पीटर फोंडाची ताठ चेसीची हार्ले जगभरच्या तरुणांच्या मनात बसली ती उगाच नाही. पण त्या रेघेसाठी सस्पेन्शनचा बळी द्यावा लागत नाही, हे खुद्द हार्लेनेच १९८४मध्ये सॉफ्टेल आणून सिद्ध केलं. तिचे शॉक गिअरबॉक्सखाली आडवे दडवलेले होते, त्यामुळे बघणाऱ्याला गाडी हार्डटेलच वाटायची. आपल्याकडच्या नव्या जावा पेराकनेही मागचा शॉक असाच नजरेआड ठेवला. आणि २०२४मध्ये गोव्याचं नाव घेऊन आलेल्या रॉयल एनफिल्डच्या गोअन क्लासिक ३५०ने एकट्या चालकाची तरंगती सीट देऊन बॉबरचा, म्हणजे साज उतरवलेल्या आखूड गाडीचा, तोरा साधला, तोही मागचे दोन्ही शॉक जागेवर ठेवून.

दुसरा मुद्दा परंपरेचा. “मूळ गाड्या अशाच होत्या, १९३२ची पहिली बुलेटसुद्धा ताठच होती,” असं सांगतात. ती ताठ होती हे खरं. पण बुलेटचा मोठेपणा सुरू होतो तो पुढे, ती ताठ राहिली नाही तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या ट्रायल स्पर्धांत जाणत्या लोकांचा ठाम समज होता की चिखलात आणि दगडांत ताठ चेसीच जमिनीला धरून राहते, स्प्रिंगची गाडी भरकटते. रॉयल एनफिल्डने १९४८मध्ये मागे चिमटा असलेल्या बुलेट नेमक्या त्याच स्पर्धांत उतरवल्या. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या आंतरराष्ट्रीय सिक्स डेज ट्रायलमध्ये त्यांनी सुवर्णपदकं मिळवली. १९५२ साली जॉनी ब्रिटनने अशाच बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी मागवली आणि १९५५पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली, ती हीच चिमट्याची बुलेट. ताठ चेसीच्या बाजूचा वाद या गाडीने सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी मैदानात खोडून काढला आहे. परंपरेच्या नावाने तिचाच चिमटा कापायचा, तर परंपरा कोणती राखली?

साधेपणाचं म्हणाल तर हार्डटेलमध्ये बुश झिजत नाहीत, शॉक गळत नाहीत, वजन थोडं घटतं आणि चेनचा ताण चाकाच्या हालचालीबरोबर बदलत नाही. सगळं खरं. पण या देखभालीला थोडाच वेळ लागतो, आणि तेवढा वाचवण्यासाठी मोजायची किंमत फार मोठी आहे.

ती किंमत पाठीच्या दुखण्यापुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. स्प्रिंगची सीट लावली की झालं, असं सर्रास सांगितलं जातं, आणि सगळ्या चर्चेतली सर्वांत घातक समजूत हीच. सीटची स्प्रिंग बसणाऱ्याला वाचवते, चाकाला नाही. सस्पेन्शनचं पहिलं काम टायर जमिनीवर टेकवून ठेवण्याचं आहे. चिमट्याच्या गाडीत उंचवट्यावर फक्त चाक, ब्रेक आणि चिमटा वर उचलले जातात, आणि शॉक त्यांना लगेच परत खाली दाबतो. ताठ चेसीत इंजिनासकट गाडीचा सगळा मागचा भार उसळतो, आणि टायर हवेत राहतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मागचं चाक सेकंदाचा दहावा भाग जरी अधांतरी राहिलं, तरी पावणेदोन मीटर रस्त्यावर त्या चाकाला ना ब्रेक, ना पकड. आता हेच जुलै महिन्यात, ताम्हिणी घाटातल्या ओल्या वळणावर, अर्ध्या वाकलेल्या गाडीवर घडताना डोळ्यांसमोर आणा. स्पीडवेच्या गाड्यांना मागे सस्पेन्शन नसतं हा दाखलाही दिला जातो. पण त्या बंदिस्त, मुद्दाम तयार केलेल्या मातीच्या गोल ट्रॅकवर धावतात आणि त्यांना ब्रेकही नसतात. आपल्या रस्त्यांना तो नियम कसा लावणार?

शिवाय शॉक गिळत होता तो प्रत्येक दणका आता वेल्डिंगच्या सांध्यांवर येतो. जिगवर, म्हणजे चेसी सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर, न बांधता डोळ्याच्या अंदाजाने जोडलेली शेपटी चाक वाकड्या रेषेत बसवते. सांध्याला गेलेली बारीक चीर रंगाखाली दिसतही नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. “चेसी नंबर तर पुढच्या मानेवर आहे, तो आपण कापतच नाही,” हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलं आहे. नंबर तोच राहिला तरी नोंद झालेली चेसी ती राहिलेली नसते.

ताठ गाडी चालवण्याचा अनुभवच हवा असेल तर महायुद्धाच्या काळातली बीएसए एम२० किंवा नॉर्टन १६एच शोधावी. त्या ताठच जन्मल्या, त्यांची चेसी त्याच भारासाठी बांधलेली आहे, आणि अशी एक गाडी रस्त्यावर परत आणणं ही मोठी कामगिरी ठरेल. बुलेटला बॉबर करायचं असेल तर मागचं मडगार्ड आखूड करा, एकट्याची सीट बसवा, हँडल बदला, आणि तेही आरटीओत विचारून. “मागून गाडी डुलते, म्हणून कापतोय,” असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी आधी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवावं. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग आणि चिमट्याचे बुश तपासून घ्यावेत. जुन्या बुलेटच्या डुलण्याचं मूळ बहुतेक वेळा त्या झिजलेल्या बुशमध्येच सापडतं, आणि ते बदलायला कटर लागत नाही.