आयातीच्या आकड्यात वाचक सापडत नाही

आमच्या कुंभार पिंपळगावात सध्या एक युक्तिवाद मोठ्या ऐटीत ऐकवला जातो. वृत्तपत्राच्या कागदाच्या आयातीवर भारत पाकिस्तानपेक्षा कितीतरी पट पैसा मोजतो. म्हणून आपण वाचणारे आणि ते अडाणी. टाळ्या घ्यायला एवढे पुरते.

आपली लोकसंख्या त्यांच्या पाचपटीहून जास्त, हे सोयीस्करपणे गाळले जाते. डॉलर किंवा टनाचा भाव चढला की एक पानही न वाढता रक्कम फुगते, हेही.

पण खरी गोम पुढेच आहे. आयातीवरून फार तर घरच्या कागदाची तूट कळते. वाचनाची गोडी त्यातून कशी मोजणार? पाकिस्तानचेच बघा. खुलन्याची गिरणी 1959 पासून सुंदरबनातल्या गेवा लाकडाचा वृत्तपत्री कागद काढत होती. खुलना तेव्हा पूर्व पाकिस्तानात, त्यामुळे कराची-लाहोरच्या छापखान्यांना तो घरचाच माल. 1971 साली बांगलादेश झाला आणि तोच कागद एका रात्रीत परदेशी ठरला. वाचक तेच, यंत्रे तीच. मग आयात करावी लागली म्हणून लाहोरकर त्या वर्षी अचानक विद्वान झाले का? आपल्याकडे भुसावळ-खांडवा मार्गावरच्या नेपानगरात 1950च्या दशकात हा कागद बनू लागला. तिथे दुप्पट कागद निघाला असता तर आयात घटली असती, आणि या पंडितांच्या हिशेबाने आपण तेवढे अडाणी ठरलो असतो! शिवाय कित्येक वर्षे कागद सरकारी कोट्यातून मिळे. त्या काळातला आकडा वाचकाची भूक दाखवतो की सरकारची मर्जी?

याच मंडळींनी मागे जाड अंक तो चांगला अंक, असा वाद घातला होता. तेव्हाही मी सांगितले होते, पानांचा प्रश्न बढाईचा नाही, हक्काचा आहे. पानांच्या संख्येवर अंकाची किंमत बांधणाऱ्या सरकारी आदेशाविरुद्ध पुण्याचा 'सकाळ' न्यायालयात गेला आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कागदाचा अभिमान बाळगायचाच तर या लढाईचा बाळगा.

तुलना करायचीच असेल तर हजार माणसांमागे किती अंक खपतात आणि एक अंक किती हातांतून फिरतो, हे दोन्हीकडे विचारा. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात सकाळी अंक आला की त्याची पाने सुटी होतात. एकाकडे बाजारभाव, दुसऱ्याकडे जिल्ह्याचे पान, तिसरा मोठ्याने वाचतो आणि चौघे ऐकतात. एवढे वाचन त्या एका अंकावर होते, आणि कुठल्याही बंदराच्या वहीत त्याची नोंद नाही. गावाची शहाणीव मोजायची तर ती इथे मोजावी लागेल.