बाइकवरचा ऑर्केस्ट्रा

परवा पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, येताना बाइकसाठी अँप्लिफायर आणि स्पीकर आण ना, तिकडे मस्त मिळतात."

मिळतात की! इथे अमेरिकेत मोठ्या टूरिंग मोटारसायकलींना रेडिओ आणि स्पीकर कारखान्यातूनच लावून येतात. हौशी मंडळी ते काढून आणखी दणदणीत बसवतात. मीही बसवले होते. म्हणूनच आणणार नाही.

आता हिशेब बघा. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत नुसता वाराच ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास गर्जत असतो. गाणं ऐकायचं तर ते वाऱ्याच्याही वर न्यायला हवं. त्याच स्पीकरला २५ वॅटऐवजी २५० वॅट दिले, म्हणजे दहापट शक्ती ओतली, की आवाज वाढतो फक्त १० डेसिबल. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, बस्स. बॅटरीला मात्र घाम फुटतो. आणि वेग वाढवला की वारा पुन्हा वरचढ!

या मारामारीत मरतो तो कान. 'नायॉश' या इथल्या सरकारी संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मी आय-९० हायवेने विस्कॉन्सिनहून साउथ डकोटाला दोन दिवस वाजवत गेलो होतो!

तिथे बॅडलँड्समध्ये थांबलो, इंजिन बंद केलं. चहूकडे गवत, चिटपाखरू... नाही, पाखरू होतं. बायको म्हणाली, "अरे, मेडोलार्क गातोय, ऐकलास?" मला ऐकू येत होती फक्त कानातली शिट्टी. ती अजून रात्री येते. डॉक्टर म्हणाले, कानातल्या गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "मोठा आवाज असला की गाडीवाल्यांना आपण आहोत हे कळतं." अहो, स्पीकरचं तोंड तुमच्याकडे, पुढचा गाडीवाला काचा लावून स्वतःचा रेडिओ ऐकतोय. त्याला काय कळणार? कळतं ते सिग्नलशेजारच्या घरात नुकत्याच झोपलेल्या बाळाला. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतींना नावं ठेवणारे आपण, तीच भिंत दोन चाकांवर बसवली की तिला हौस म्हणायचं?

उपाय स्वस्त आहे. लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घाला. वारा आणि गाणं दोन्ही खाली येतात, कान भंजाळत नाही, आणि शब्द उलट नीट लागतात. तरी ऐकू येत नसेल तर वेग कमी करा.

तेव्हा भाचेबुवा, बोळ्यांचा डबा आणतोय. रुसलात तरी चालेल. चिवड्यावर समजूत काढता येईल, कानाची नाही काढता येत.