दैवाला दोष देऊं नका!

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असें जुनीं माणसें म्हणत. त्या पाळण्याला आज पोलादाच्या सांखळ्या आहेत, आणि तो हलविणाऱ्यांचे हात पोळलेले आहेत!

ता. २४ ऑगस्ट २०२४ रोजीं जालन्यांतील एका पोलाद कारखान्याच्या भट्टींत स्फोट झाला. वितळलेलें लोखंड अंगावर उडून २२ मजूर जखमी झाले. त्याच सालीं मे महिन्यांत डोंबिवलीच्या रसायन कारखान्यांत स्फोट होऊन माणसें मेलीं. असें कांहीं घडलें कीं गांवोगांव म्हणतात, 'दैव, दुसरें काय!'

आम्ही विचारतों, हें दैव मालकाच्या कचेरींत कां शिरत नाहीं? भट्टीच्या तोंडाशींच त्याचा मुक्काम कां? पोलाद सुमारें दीड हजार अंशांवर वितळतें. त्यांत ओलें भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा पडला, तर पाण्याची क्षणांत वाफ होते, ती हजार पटींहून अधिक फुगते आणि तापलेला रस बाहेर फेंकते. हें लोहाराच्या पोरालाहि कळतें. भंगार निवडणें, कोरडें ठेवणें, मजुरास भट्टीजोगा पोशाख व तोंडावर पडदा देणें, हीं कामें मालकाचीं. तीं तो टाळतो तेव्हां दैव हा त्याचा फुकटचा वकील होतो!

कामावर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी, ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं भरविलेल्या गिरणी कामगारांच्या सभेंत १८८४ सालीं झाली. तिच्यावर साडेपांच हजार सह्या पडल्या. १९२३ सालीं भरपाईचा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या; त्यांत प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणें बंधनकारक आहे. पण ज्याच्या हातांत कागद नाहीं, तो भाजला कीं 'हा आमचा माणूसच नव्हे' म्हणावयास किती वेळ लागतो?

तेव्हां बांधवांनो, नापिकीपायीं तुमचा पोरगा भट्टीवर गेला, तर पहिल्याच दिवशीं नेमणूकपत्र मागा, पगाराचा पुरावा घरीं जपा. कोणी भाजलाच तर वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरा. हळद, शाई फांसूं नका. थेट दवाखाना गांठा. आणि शेजारीं बिहारचा मजूर उभा असेल तर त्याला परका मानूं नका. उकळता रस जात विचारीत नाहीं, प्रांतहि विचारीत नाहीं. मग आपण तरी कां विचारावा?