नऊ तासांचे अंतर

मुलगा लंडनला गेला की आई-वडील शेजाऱ्यांना सांगतात, ‘‘लांब कुठं? नऊ तासांवर तर आहे!’’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की, त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा असे वाटते.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या बोटीला हा प्रवास जवळजवळ २० हजार किलोमीटरचा पडे. कालव्याने तो साडेअकरा हजारांवर आणला, तरी आठवडे समुद्रावर जातच. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० मध्ये याच मार्गावर एअर इंडियाची जेट विमाने आली. आज थेट विमानाला साधारण नऊ-साडेनऊ तास पुरतात.

पण हे नऊ तासही पक्के नाहीत. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो कराची, इराण, युक्रेन यांवरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. जमिनीवर माणसे भांडली की आकाशातली वाट लांबते. त्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना येण्यापेक्षा एरवीही जास्त वेळ लागतो.

शिवाय तिकिटावर लिहिलेला वेळ विमानाचा असतो. साताऱ्याहून मुंबईचा विमानतळ गाठायचा, तीन तास आधी हजर राहायचे, उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत उभे राहायचे, मग पुढची गाडी. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत वीस-बावीस तास सहज होतात. त्याआधी रजा, पैसा आणि व्हिसा जमावा लागतो तो वेगळाच.

बोटीच्या काळात परदेशातला मुलगा अंत्यदर्शनाला येईल, ही अपेक्षाच कोणी करीत नसे. विमानाने ती निर्माण केली. आता बातमी क्षणात पोहोचते, माणूस मात्र दुसऱ्या दिवशी. इकडे मंडळी खोळंबतात, तिकडे मुलगा तिकिटासाठी धावतो. वेळेत आला नाही, तर जमलेल्यांपैकी कोणी तरी विचारतेच, ‘‘नऊ तासांत येता येत नव्हतं?’’ हा प्रश्न मला क्रूर वाटतो. तो ऐकलेला मुलगा पुढे कित्येक वर्षे स्वतःलाच दोष देत राहतो.

म्हणून हातपाय धड आहेत तोवर आई-वडिलांनी एकदा जाऊन यावे, आणि मुलांनी आजारपणाच्या फोनची वाट न पाहता गणपतीला, दिवाळीला यावे. आणखी एक अवघड गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी: वेळ आलीच तर किती थांबायचे, आणि थांबणे शक्य नसेल तर अग्नी कोणी द्यायचा. जवळ असलेल्या लेकीने, पुतण्याने दिला तर त्यात कमीपणा कसला? हे वडिलांच्या तोंडून एकदा ऐकलेले असले, म्हणजे उशिरा पोहोचलेल्या मुलाला कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.